सोळाव्या चौकोनाचा दगड

"नाही हो, असा दगड आम्ही पाहिलेलाच नाही," परीक्षित म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर अंगणातल्या तुळशीकडे गेलीच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तुळशीची कुंडी एका दगडावर ठेवलेली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी भाजीचा वाफा करताना मध्ये आला म्हणून त्यानंच तो पहारीनं उपटून काढला होता.

नारिंगी जाकीट घातलेली बाई पायरीखाली उभी होती. राज्याच्या जमीन खात्यातली सर्व्हेअर; पन्नाशीची, बुटांना चिखल. "तुमच्या कुंपणामागचं जंगल म्हणजे सोळावा चौकोन," ती सांगत होती. "हे राज्य झालं तेव्हा केंद्र सरकारनं जमिनीचे मोजून पाडलेले असे चौकोन राज्याला देऊन टाकले, शाळांसाठी. अजूनही इथलं लाकूड विकून शाळा बांधतात. या चौकोनाच्या कोपऱ्यावर तेव्हाच्या मोजणीचा दगड होता. दोन कडांना तीन-तीन खाचा. पुढच्या महिन्यात झाडं तोडायचीत, आणि रेघ कुठून ओढायची तेच कळत नाहीये."

"बिल्डरनं फेकला असेल."

"असेल. तो हलवणं गुन्हा आहे हं," बाई हसून म्हणाली. "म्हणून घरोघर विचारतेय."

मंगळवारी परीक्षितचा इथल्या सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. चौदा वर्षं बेलव्ह्यूच्या ऑफिसात मान मोडून काम केल्यावर आलेली तारीख. फॉर्मवर एक प्रश्न होता: पकडले गेला नाहीत असा एखादा गुन्हा कधी केलाय का? त्यानं बिनधास्त 'नाही'वर टिक केलं होतं.

मेथी निवडता निवडता त्याची आई बाहेर आली. शोभनाताईंना साताऱ्याहून येऊन महिना झाला होता, पण इंग्रजीचा गंध नाही.

"काय शोधतायत रे या बाई?"

"काही नाही आई, पाइपलाइनचं काहीतरी. तू आत जा ना प्लीज, मी हँडल करतो."

शोभनाताई कसल्या आत जातात! त्या बघत राहिल्या. बाईनं मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई उभी केली, जुन्या नकाशाची घडी उलगडली, कुंपणाजवळच्या एका जुनाट बुंध्यापाशी गुडघ्यावर बसून फीत धरली.

"ही पाइपलाइन?" शोभनाताई म्हणाल्या. "अरे, मोजणी चाललीय ही. माझ्या वडिलांनी उभा जन्म मोजणी खात्यात काढला, आणि तू मला पाइपलाइन सांगतोस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हद्दीचा दगड हरवलाय ना?"

परीक्षित सरकून तुळशीच्या आड उभा राहिला.

"तुळशीला पाणी घालताना पहिल्याच दिवशी खाचा हाताला लागल्या होत्या माझ्या. म्हटलं, इकडं कुठला आलाय हद्दीचा दगड!"

"आई, यार, प्लीज. मंगळवार होऊ दे. मग मीच गुपचूप परत नेऊन ठेवतो."

"आणि तोवर त्यांनी भलतीकडूनच रेघ ओढली म्हणजे? बांध कोरणारा माझ्या घरात नको हो, परी."

त्यांनी मेथी पायरीवर ठेवली. तुळशीची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला जमिनीवर टेकवली.

बाई आली. खाली बसून तिनं अंगठ्यानं माती पुसली. एक, दोन, तीन. मग दुसरी कड. एक, दोन, तीन. तिनं मान वर केली तेव्हा हसू गेलेलं होतं.

"कुणी हलवला हा?"

"काय म्हणतेय?" शोभनाताईंनी विचारलं.

"कुणी हलवला, म्हणून विचारतेय."

"सांग, म्हातारीनं हलवला. तुळशीखाली ठेवायला. मला काय करणार आहेत? पंधरा दिवसांनी माझं विमान. मला कुठं इथली नागरिक व्हायचंय?"

परीक्षितनं भाषांतर केलं. शब्दाला शब्द. करताना स्वतःची लाज वाटली, तरी केलं.

बाईनं दगडाकडे पाहिलं. पंचवीस किलोचा तरी असेल. मग शोभनाताईंच्या मनगटांकडे पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग कुठून उचलला, ते त्यांना दाखवायला सांगा. अगदी नेमकी जागा."

तेही त्यानं आईला सांगितलं. शोभनाताईंनी अंगणभर नजर फिरवली. दगड निघाला तेव्हा त्या साताऱ्यात होत्या. बोट कुठंही दाखवता आलं असतं, बाईनं लिहूनही घेतलं असतं कदाचित. त्यांचा हात काही उचलेना.

"नाव माझं सांगितलंस, चालेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण जागा नाही खोटी दाखवायची मी. हद्द आहे ती."

बाई वही उघडून थांबली होती.

परीक्षित पायरी उतरला. चपला तिथंच राहिल्या. तो वाफ्यात शिरला, मेथीच्या तिसऱ्या ओळीपाशी थांबला, कुंपणाकडे एकदा बघून अर्धं पाऊल डावीकडे सरकला. आईनं आल्या आल्या पेरलेली मेथी पायाखाली गेली.

"इथं," तो म्हणाला. घाबरून मराठीतच म्हणाला, पण बाईला कळलं.

तिनं तिपाईवरची दुर्बीण फिरवली आणि भिंगाचा रोख त्याच्यावर धरला.

"आता हलू नका," ती म्हणाली.