गल्ल्यामागचं माप

खंडेनवमीला मेढ्यातले किराणा दुकानदार जोतिबा तराजूला हार घालत होते. त्यांची सून अंकिता लोखंडी मापं घासून पूजेच्या पाटावर मांडत होती.

“मामा, ह्या किलोच्या मापावरचा गंज चिंचेनंबी निघंना. पण गल्ल्यामागं दुसरं घावलं बघा. न घासताच लख्ख हाय.”

“ते ऱ्हाऊ दे तिथंच.”

“आसं कसं? रोज राबतंय ते हेच की!” तिनं ते पाटावर मधोमध ठेवलं.

तळातलं शिसं काढून जोतिबांनीच हलकं केलेलं माप होतं ते. तांदळाला आलेल्या शेजारच्या विजयमालाकाकूंनीही त्यावर झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले आणि आपला नेहमीचा डबा पुढं केला. “किलोभर द्या, भावजी.”

फुलाखालचं माप जोतिबांना उचलवेना. त्यांनी गंजलेलं घेतलं, तांदूळ तोलले आणि मान खाली घालून डब्यात ओतले. डबा काठोकाठ भरला.

काकू हरखल्या. “आवं, दर खेपंला बोटभर रिता ऱ्हातोय ह्यो डबा. आज सणाचं म्हणून जादा घातलंसा व्हय?”