पहिले तू, मंग मी

"पहिले तू सुई घे, मंग मी," असं म्हणून सदाशिवरावांनी बाही खाली ओढली.

यवतमाळच्या त्या दवाखान्यातली सिस्टर त्यांच्या मुलीकडे, निशिगंधाकडे, पाहू लागली. निशिगंधाने निमूटपणे हात पुढे केला. दारव्ह्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा, कोणाच्या बापाला न भिणारा आपला बाप सुईला भितो, हे तिला या वयात कळत होतं.

सोनोग्राफीच्या वेळी तेच झालं. मोठ्या मशीनपाशीही तेच. पहिले ती आडवी झाली, चांगला बराच वेळ. मग बाबा आत गेले आणि लगेच बाहेरही आले. पोराला औषध पाजताना आई आधी आपण चाटून दाखवते, त्यातलाच हा प्रकार. तिची तक्रार नव्हती. बाबा तपासून घेतायत हेच पुष्कळ होतं.

बाबांना काय झालंय ते बाबा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावाने, अमरने, पुण्याला फोन करून तिला सांगितलं होतं की मूत्रपिंडात गाठ आहे, आणि ती साधी नाही. "त्यायले आमी मुतखडा म्हणून सांगतलं हाय, ताई. तू बी तेच सांगजो." या घरची रीतच तशी होती. आजोबा मुतखडा म्हणत गेले, मोठी आत्या अल्सर म्हणत गेली. रोगाचं नाव ऐकूनच माणूस अर्धा मरतो, असं सगळे मानत. निशिगंधा मनातल्या मनात शिव्या देत ती रीत पाळत होती.

दैवाची थट्टा बघा, तिचं सगळं संशोधन अशाच गाठींवर चाललं होतं. एके दिवशी आईने, विजयमालाबाईंनी, ही गाठ वाढते तरी कशी असं विचारलं, तेव्हा भाकरी खाता खाता तिने समजावलं. गाठीला वाढायला रक्त लागतं. नव्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काही एन्झाइम बसलेले असतात. ते आजूबाजूची जाळी कापतात आणि रक्तवाहिनी थेट गाठीत शिरते. शेजाऱ्याने आपला धुरा, म्हणजे बांध, फोडून पाटाचं पाणी त्याच्या वावरात वळवावं तसं. एन्झाइम म्हणजे त्याची कुदळ. रोग्यांच्या रक्तात ते किती उतरतात हे ती मोजायची, आणि तुलनेला निरोगी माणसाचं म्हणून स्वतःचंच रक्त लावायची; कोणता नमुना कोणाचा ही यादी मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे असायची. रजा मागायला गेली तेव्हा मॅडमनी कारणही न विचारता हवी तेवढी देऊन टाकली होती.

"मंग ते कुदळच हिसकून नाही घेता येत काय?" आईने तिच्या ताटात तूप वाढत विचारलं.

"काही औषधं तेच करतात. ती रक्तवाहिन्याच फुटू देत नाहीत. बाबा घेतील तर."

घरात रडायला जागा नव्हती. परसात गेली तर बाबा मागे येत, माडीवर गेली तर जिन्यात खाकरत. "मुतखडाच हाय नं?" असं विचारून तिच्या तोंडाकडे बघत राहत. ती हसायची. आपलं खोटं पकडलं जाईल या धास्तीने तिची भूक मेली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पळून जावंसं वाटायचं, आणि वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

डॉक्टरांनी फिल्म पडद्यावर लावली तेव्हा ते फारसं बोललेच नाहीत. तिनेच वाचली. गाठीभोवती रक्तवाहिन्यांचं जंजाळ माजलं होतं. इतक्या वर्षांत तिने असं उंदरांमध्ये पाहिलं होतं, माणसात नाही. बाहेर जिन्यात तिने अमरला स्पष्टच सांगितलं, "औषध लागू नाही पडलं तर पुढचा पोळा दिसत नाही. मन घट्ट कर." अमर भिंतीला टेकून ढसाढसा रडला. आईसमोर असं करशील तर खबरदार, म्हणून तिने त्यालाच दटावलं.

औषध सुरू करायच्या दिवशी सगळे खोलीत जमले. सलाइनची बाटली टांगलेली होती. आईने पदर तोंडात धरला होता. बाबा पलंगावर न जाता खुर्चीवर बसले, आणि सिस्टर सुई घेऊन निशिगंधाकडेच आली.

निशिगंधाला हसू आलं. बाबांनी सिस्टरलाही फितवलं होतं तर. "बाबा, हे मात्र मला नाही घेता येणार," ती म्हणाली. "हे औषध रोग्यालाच देतात."

सदाशिवराव उठून तिच्यापाशी आले. तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मले काईच नाही झालं, माय," ते म्हणाले. "तुह्या मॅडमचाच फोन आलता आमाले. त्या दिवशी पडद्यावर तुवं पाह्यलं, ते तुहंच होतं."