पहिल्या रांगेतली गस्त

"या माणसाला मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं," इन्स्पेक्टर कृष्णनाथ साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाले. "शनिवारी रात्री, कारापूरला. शिवदासशेटच्या दुकानाच्या मागल्या दारातून पळत होता. मी गस्तीवर होतो."

गस्तीवर होते, नाही कोण म्हणतो! फक्त गस्त जरा लांब गेली होती. पार पेडण्याच्या बाजूला, एका देवळाच्या जत्रेत, दशावतारी नाटकासमोर, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. देवस्थान कमिटीने मानाने बोलावलं, मग चौकी सोडताना वरिष्ठांना विचारत कोण बसतो? खोट्या आळापायी वनवासाला धाडलेल्या राणीचं नाटक होतं. राणी रानात एकटी रडायला लागली तसे साहेबही रडले. रुमाल ओला केला. साहेबांचं काळीज तसं लोण्याचं, फक्त नाटकापुरतं.

आणि मेलं नेमकं त्याच रात्री शिवदासशेटचं दुकान फुटलं. वरून विचारणा आली, हद्दीत चोरी होत होती तेव्हा आपण कुठे होता? जत्रेत होतो म्हणावं तर पट्टा उतरतो. गस्तीवर होतो म्हणावं तर चोर दिसायला हवा. दिसला म्हणावं तर तो धरायलाही हवा. साहेब कामाला चुकणारे नव्हेत. त्यांनी धरला.

सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवणारा सगुण कारापूरच्या नाक्यावर चहात पाव बुडवून खात होता. सावंतवाडीकडचा माणूस, इथे ना कोणाची ओळख ना कोणाचा वशिला. अंगाने शेलाटा, मिशी सफाचट, भुवया कोरलेल्या, केस मानेवर रुळणारे. "चोरच हा," साहेब म्हणाले. "सरळ माणूस मिशी कशाला उतरवील?" शेटच्या चांदीच्या पेल्यांपैकी एक चोराच्या नजरेतून सुटला होता. बाकीच्यांची ओळख पटवायला म्हणून साहेबांनी तो शेटकडून मागून आणला होता. तोच पेला सगुणच्या ट्रकच्या सीटखाली सापडला. तपास म्हणतात तो हा!

चौकीत सगुण एकदाच बोलला. "साहेबानु, त्या राती मी खंय होतंय, तां तुमकां ठाऊक आसा."

साहेबांनी फाडकन कानफटात लगावली. "ठाऊक आहे म्हणूनच आणलाय तुला!" हवालदार दत्ताराम खो खो हसला. सगुणने गाल चोळत साहेबांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि मग तो जो गप्प बसला तो बसलाच. साहेबांच्या शब्दापुढे त्याचं ऐकणार कोण? त्याचा ट्रक मुकादमाने दुसऱ्याच्या हाती दिला. शिक्षा झाली तर खाणीचं काम कायमचं सुटणार होतं, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. बायको सत्यवती तान्हं पोर घेऊन प्रत्येक तारखेला येई आणि मागच्या बाकावर डोळे पुसत बसे.

आज साहेबांची साक्ष झाली. सगुणला सरकारने दिलेला वकील जांभई आवरत म्हणाला, "मला काही विचारायचं नाही." झालं, सुटलं! साहेबांनी तेव्हाच टोपी उचलून खाली उतरायचं. पण जिंकलेल्या माणसाला थोडं जास्तच जिंकावंसं वाटतं. त्यांची नजर मागच्या बाकावर गेली.

"एक राहिलंच, जज्जसाहेब. ती आरोपीची बायको. ड्रायव्हरचं पोर जरीकाठाच्या शालीत गुंडाळलंय! हाही चोरीचाच माल. जप्त व्हायला हवा."

जज्जांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, ही शाल कुठून आणलीत?"

सत्यवतीने पोर छातीशी घट्ट धरलं. सगुणच उभा राहिला.

"साहेबानु, ती माका जत्रेत गावली. जत्रांच्या दिसांनी मी दशावतारात स्त्रीपार्टी करतंय. त्या शनिवारी पेडण्यात राणी मीच होतंय. कमिटीन इन्स्पेक्टर साहेबांक ही शाल घातली. माझां काम बघून साहेब रंगमंचावर इले आणि तीच शाल माका घातली. लाउडस्पीकरावर तेंचां नाव पुकारलां. सगळ्या जत्रेन आयकलां."

"साफ खोटं!" साहेब पिंजऱ्यात थाडथाड हात आपटत ओरडले. "हा राणी? हा ड्रायव्हर? ती राणी दिसायला अशी होती काय!"

दत्तारामने हळूच दाराकडे सरकायला सुरुवात केली. सगुणच्या वकिलाची झोप एकदम उडाली.

"म्हणजे राणी तुम्ही पाहिलीत तर," जज्ज शांतपणे म्हणाले. "उतरू नका, इन्स्पेक्टर. आता तुमची खरी साक्ष सुरू होते."

साहेबांनी सगुणकडे बघितलं. त्या भुवया, ती हनुवटी. आज पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि ओळख पटली. सगुणने पदर सावरावा तसा सदऱ्याचा खांदा सावरला, मान किंचित कलती केली, आणि रानात रडणाऱ्या राणीचा तोच आवाज कोर्टभर घुमला.

"महाराज, शाल घालताना आपणच म्हणाला होता ना, 'राणीसाहेब, कोणी खोटा आळ घेतलाच, तर सरळ माझ्या चौकीवर या'? मी आले होते, महाराज. आपण कानफटात मारलीत."