मागच्या दाराची कडी

गल्लीच्या तोंडाशी झाकणं वाजू लागली तेव्हा डिम्पना तव्यावर सोडा ब्रेड टाकत होती. कचऱ्याच्या डब्यांची पत्र्याची झाकणं, फरसबंदीवर आपटलेली. आधी एक, मग चार, मग सगळी गल्ली. बायकांचा इशारा होता तो: इंग्रज सैनिक आत शिरले होते.

पिठाच्या हातांनीच ती पुढच्या खोलीत गेली. रस्त्याकडच्या दाराला कुलूप केलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. दोन वर्षं झाली, झाकणं वाजली की ती आधी हेच करायची.

बेलफास्टमधल्या आमच्या त्या वस्तीत तेव्हा मागच्या दाराला कुणी कडी लावत नसे. पळणारा माणूस कुठल्याही मागच्या दाराने आत येई, स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या दाराने दुसऱ्या रस्त्याला लागे. कुणी त्याला नाव विचारत नसे. कितीतरी पोरांना डिम्पनाने एक शब्द न बोलता कुलूप काढून दिलं होतं. तिला हवा होता तो त्यांच्यात नव्हता.

भिंतीपलीकडून शेजारची ॲग्नेस सैनिकांना टोमणे मारत होती. "उशीर केलात रे! न्याहारी कधीच संपली! आता भांडी घासायला या!"

मागचं दार धाडकन उघडलं आणि मॅलकी आत आला.

इंग्रजांविरुद्ध लपून लढणाऱ्या संघटनेचा या भागातला तो म्होरक्या. दाढी वाढलेली, डाव्या बाहीवर रक्त. तिच्याकडे न बघता तो थेट पुढच्या दाराशी गेला. मूठ दोनदा हिसकली. परत आला.

"काकू, किल्ली."

"फिन्टन कुठे आहे?"

"काकू, दोन मिनिटांत ते इथे असतील."

"म्हणजे तुझ्याकडे दोन मिनिटं आहेत."

"इंग्लंडला गेलाय तो. तुम्हाला कार्ड आलं होतं ना?"

"आलं होतं. 'प्रिय आई' लिहिलं होतंस. माझ्या लेकाने जन्मात मला प्रिय म्हटलं नाही. म्हातारे म्हणायचा. आणि तुझं अक्षर मला कळत नाही होय? याच टेबलावर बसून दोघं गणितं करायचात."

मॅलकीने कमरेचं पिस्तूल काढलं. दोन्ही हातांनी ते तिच्यावर रोखलं.

"मार," ती म्हणाली. "म्हणजे एका घरातले दोघे होतील."

पिस्तूल खाली गेलं.

"त्याला नेलंस तेव्हा दोनच प्रश्न विचारायचेत, असं म्हणाला होतास," डिम्पना म्हणाली. "चहापर्यंत परत आणतो, काकू. असंच म्हणाला होतास. मी त्याचा कप भरून ठेवला होता."

"त्याच्यावर सैनिकांना खबर फोडल्याचा आरोप होता. निर्णय माझा एकट्याचा नव्हता."

"ते मी विचारलं नाही."

पलीकडे बुटांचा आवाज झाला आणि ॲग्नेस किंचाळली, "पाय पुसा आधी! तुमच्या आईने काही शिकवलं का नाही?" तिच्या घरात काहीतरी फुटलं.

"मी सांगितलं तर आमचीच माणसं मला सोडणार नाहीत."

"बाहेरची तरी कुठे सोडतायत?"

मॅलकी खुर्चीत बसला. लहानपणी बसायचा त्याच खुर्चीत, भिंतीकडच्या. मग खाली बघून, धडा म्हणून दाखवावा तसा, तो बोलू लागला.

"सीमेपलीकडे. जळणासाठी माती कापतात त्या दलदलीत. वर चढून गेलं की एकटंच एक काटेरी झाड आहे. तिथून उगवतीकडे वीस पावलं."

डिम्पनाने टेबलाची कड धरली. तव्यावरून धूर निघू लागला होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

"पाद्री होता?"

"नाही."

"मग प्रार्थना कुणी म्हटली?"

"मी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अर्धीच म्हटली, काकू. पुढची मला आठवेना. मग त्यानेच पुरी केली."

तिने खिशातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. किल्लीला पीठ लागलं होतं.

"काकू, मी—"

"ऊठ."

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. ते परत लागलं नाही. लगेच मागच्या दाराने चार सैनिक आत घुसले. एकाने तिला भिंतीला दाबून धरलं, बाकीचे उघड्या दारातून रस्त्यावर पळाले. मग तोही गेला. पुढच्या रस्त्यावर आरडाओरडा झाला, गाड्या सुरू झाल्या. ती खिडकीशी गेली नाही.

तिने तवा खाली उतरवला. करपलेला ब्रेड खरवडून काढला. मांडणीवर उपडा घातलेला एक कप होता, तो धुतला, पुसला आणि फडताळात आतल्या बाजूला ठेवून दिला.

नंतर ती मागच्या दाराशी आली. शाळेतून, कामावरून, भांडून, भिजून, फिन्टन नेहमी याच दाराने यायचा. वरची कडी गंजली होती. तिच्यावर दोन वेळा रंग चढला होता. बोटांनी ती हलेना. डिम्पनाने लाटणं आणलं आणि ठोकायला सुरुवात केली.

झाकणं केव्हाच थांबली होती. गल्लीत तेवढाच आवाज होता.

"डिम्पना!" भिंतीपलीकडून ॲग्नेसने विचारलं. "काय ठोकतेस गं?"

"कडी लावतेय."

"मागच्या दाराला? वेडी का काय तू? अगं, एखाद्याचं पोरगं आलं म्हणजे?"

लाटणं थांबलं.

"माझं यायचं नाही आता," डिम्पना म्हणाली, आणि पुन्हा ठोकू लागली.