पितळी व्हॉल्व्ह

भंगाराच्या यार्डात धातू तपासायच्या खोलीत मी एकटीच असते. आलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावते: तुटकी असेल तर 'भट्टी', धड असेल तर 'विक्री'.

दर सोमवारी एक निवृत्त फिटरकाका पितळी व्हॉल्व्ह विकायला आणतात.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"जस्त छत्तीस टक्के, काका."

"अडतीस! यंत्राला चष्मा लावा."

मग तासभर बसतात. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात फक्त रेडिओ बोलतो. "पण मेला ऐकून घेत नाही," असं त्यांचं म्हणणं.

काल विक्रीच्या खिडकीवरची मैत्रीण फोनवर हसत सुटली. "अगं, ते काका दर मंगळवारी तोच व्हॉल्व्ह माझ्याकडून विकत नेतात आणि सोमवारी तुला आणून विकतात! डोकं फिरलंय का त्यांचं? आणि तुला इतके दिवस कळलं कसं नाही?"

मी यंत्राची काच पुसत राहिले. त्या व्हॉल्व्हला आरपार चीर आहे. पहिल्याच सोमवारी मला ती दिसली होती.



तरी दर वेळी काका उठून गेले, की मी चिठ्ठीवर 'विक्री' लिहिते.