करपल्याचा वास

जळका वास आला तसे यशवंतराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी मागची खिडकी लावून घेतली. भिंतीपलीकडे सरदारचं भंगाराचं गोदाम होतं. तिथे तांब्यासाठी वायरी जाळायचे, कधी रबर, कधी आणखी काही. आकुर्डीतल्या त्या गल्लीत जळका वास आला की माणसं खिडकी लावत, दुसरं काही करत नसत. यशवंतराव परत येऊन बसले आणि हातातल्या पुस्तकाचं पान वरपासून पुन्हा वाचू लागले.

वास काही जाईना, उलट वाढला. आज नाताळ, घटकाभरात पाहुणे येणार, आणि घरात हा धूर. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हतं. तरी ते मागच्या दारात गेले आणि त्यांनी भिंतीवरून हाक मारली.

"सरदारभाई, आजच्या दिवस तरी जाळू नका हो. सण आहे आमचा."

सरदार भिंतीपाशी आला. गालाला दाढीचा साबण तसाच होता.

"काका, आज गोदाम बंद हाय. सकाळपासनं काडी नाही ओढली कुणी." त्याने मान वर करून वास घेतला. "हा तर तुमच्याकडनंच येतोय. गॅसवर काही हाय का बघा."

होतं. तीन किलो मटण होतं.

त्यांची सून जयमाला त्यासाठी पहाटे चारला उठून खोबरं भाजत होती. नाताळचं जेवण आजवर खडकीला, यशवंतरावांच्या थोरल्या बहिणीकडे, शालनबाईंकडे व्हायचं. यंदा एकदा आमच्याकडे होऊ द्या, म्हणून जयमालाने ते हट्टाने मागून घेतलं होतं. नवऱ्याला चाकणला शिफ्ट लागलेली, तेव्हा पाहुण्यांना आणायला तीच स्टेशनवर गेली होती. जाताना म्हणाली होती, "अण्णा, गॅस बारीक केलाय. पंधरा मिनिटांनी बंद करा. एवढंच."

यशवंतरावांनी गॅस बंद केला. करपलेल्या थराला पळी न लावता वरचं मटण दुसऱ्या पातेल्यात काढलं. बटाटा वास ओढून घेतो असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून दोन बटाटे चिरून टाकले. जळकं पातेलं मोरीत बादलीमागे सारलं. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. मग जयमाला आल्या आल्या तिला सांगून टाकायचं असं ठरवून ते दारात जाऊन उभे राहिले.

पण दारातून आधी शालनबाई आत आल्या, त्यांच्या मागून त्यांची नातवंडं.

"सलाम, यशवंता. वाळलास की रे! सून जेवायला घालते ना?"

"सलाम, अक्का. या, बसा."

जयमाला पिशवी ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली. यशवंतराव तिच्या मागोमाग गेले. तिने झाकण उचललं. आपण मटण केलं ते हे पातेलं नाही, हे तिने पाहिलं. बटाट्याच्या फोडी पाहिल्या. मग सासऱ्यांकडे पाहिलं. यशवंतरावांनी घसा खाकरला.

तोवर शालनबाई दारात येऊन ठेपल्या होत्या.

"अगं बाई! हॉटेलवाले बोर्ड लावतात बघ, चुलीवरचं मटण म्हणून. तू गॅसवरच करून दाखवलंस की गं!"

मुलं हसली. जयमालाने झाकण परत ठेवलं.

"माझंच लक्ष नव्हतं, आत्या. घाईत राहून गेलं."

"असू दे. नोकरी करायची, घर बघायचं, एकटीनं किती करशील? पुढच्या वर्षापासून आपलं खडकीलाच करू."

"बरं, आत्या," जयमाला म्हणाली.

यशवंतराव तिथेच उभे होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांनी मनात तीनदा जुळवलं. पहिल्यांदा त्यात सरदारचं गोदाम आलं, दुसऱ्यांदा पाहुण्यांच्या लोकलला झालेला उशीर आला. तिसऱ्यांदा ते बरोबर जमलं, पण तोवर जयमाला ताटं घेऊन बाहेर गेली होती.

सगळे पानावर बसले. भात, चपात्या, कांदा, लिंबू, मधोमध मटण. वडीलधारा पुरुष म्हणून आभाराची प्रार्थना यशवंतरावांनी करायची होती. ज्या हातांनी रांधलं त्या हातांना शेवटी आशीर्वाद मागायचा, ही त्या घराण्याची जुनी रीत. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल आणि या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो," यशवंतरावांनी सुरुवात केली. आवाज बरा लागला. आजारी माणसं झाली, प्रवासातली झाली, शिफ्टला गेलेला मुलगा झाला. "आणि प्रभू, ज्या हातांनी हे रांधलं..."

ते थांबले. डोळे उघडे होते ते फक्त त्यांचे. समोर जयमाला मान खाली घालून बसली होती. पहाटेपासूनचा थकवा तिच्या चेहऱ्यावर आता स्वस्थपणे उतरला होता.

"ज्या हातांनी हे रांधलं, त्यांचा यात काही दोष नाही," यशवंतराव म्हणाले. "प्रभू, दोष ज्याचा आहे तो..."

"आमेन," जयमाला म्हणाली.

"आमेन!" मुलं ओरडली आणि हात ताटांकडे गेले.

शालनबाईंनी डोळे उघडून भावाकडे पाहिलं.

"यशवंता, अरे प्रार्थना अर्धीच राहिली तुझी."

जयमालाने पळीभर रस्सा शालनबाईंच्या ताटात वाढला.

"राहू द्या, आत्या. उरलेली अण्णा एकटे असताना करतील."