भिंतीवरच्या चिंध्या

ऐलीने हातमोजा काढला आणि बर्फातल्या ठशात बोट घातलं. कडा अजून भुसभुशीत होती. पुढचा उजवा खूर फाकलेला, मागचा पाय जरासा फरफटलेला. म्हातारा आत्ताच इथून गेला होता.

"आज तू सुटत नाहीस," ती पुटपुटली आणि नवऱ्याची बंदूक खांद्यावरून हातात घेतली.

सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला त्या जंगलात पांढऱ्या शेपटीची हरणं पैशाला पासरी. पण म्हातारा एकच. त्याच्या डाव्या शिंगाचा एक फाटा खाली वळलेला होता. ऐलीचा नवरा आर्वो कित्येक वर्षं त्याच्या मागावर होता. वसंतात त्याची गळलेली शिंगं हुडकून आणायचा, उन्हाळ्यात तो कुठे चरतो ते बघून यायचा, जेवताना त्याच्याच गोष्टी. आणि नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की पहिल्याच दिवशी आर्वोची गोळी सुटायची. आणि हुकायची. दर वर्षी!

आर्वोच्या लाहती घराण्याच्या शिकारी कॅम्पात नेम चुकणाऱ्याला माफी नव्हती. त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल घालायचं आणि चुलीमागच्या भिंतीवर ठोकायचा. एखाददुसरा तुकडा सगळ्यांचाच होता, आर्वोच्या चिंध्यांनी मात्र अख्खा कोपरा भरला होता. दुसरा नियम सासऱ्यांनी भांडणं मिटवायला घालून दिलेला. ज्या हरणावर ज्याने पहिली गोळी झाडली, लागो वा चुको, ते त्या मोसमापुरतं त्याचं. बाकीच्यांनी त्याच्या वाटेलाही जायचं नाही. ऐलीचा दीर राउनो यावर कायम कुरकुरायचा, "चुकतो दादा आणि हात बांधले जातात आमचे!"

या उन्हाळ्यात आर्वोला अर्धांगाचा झटका आला. आता तो कॅम्पात चुलीपाशी बसून कॉफी उतू जात नाही ना, तेवढं बघायचा. काल सौनात वाफेची आंघोळ उरकून सगळे टेबलाभोवती जमले. मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्यांचा फडशा पाडता पाडता राउनो म्हणाला, "दादा, यंदा तुझा शर्ट तरी शाबूत राहणार बघ!"

सगळे खो खो हसले. आर्वोही हसला. त्याचं ते वाकडं, बिचारं हसू ऐलीच्या काळजात घुसलं.

"उद्या म्हातारा कॅम्पाच्या दारात टांगलेला दिसेल," ती म्हणाली. "मी टांगीन त्याला."

आर्वोचं हसू मावळलं. तो जड जिभेने म्हणाला, "ओढ्याजवळच्या खडकावर बस. तिथेच येतो तो. पण झाडण्याआधी नीट बघ हं."

आयुष्यभर चुकणाऱ्याने आता मला शिकवायचं का, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. पण आज ठसे सरळ त्या खडकाकडेच निघाले होते. ती खडकावर पोटावर आडवी झाली. वारा तोंडावर येत होता, म्हणजे तिचा वास पलीकडे जाणार नव्हता. गारठ्याने बोटं आखडली, तरी ती जागची हलली नाही.

तो आला. तोंड पांढरं पडलेलं, पाठ वाकलेली. ओढ्याकाठच्या बर्चच्या जाड झाडाखाली तो अंगाची बाजू तिच्याकडे करून उभा राहिला. लहान पोराचाही नेम चुकणार नाही इतक्या जवळ. ऐलीने बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावला.

म्हाताऱ्याच्या पाठीच्या वर, बर्चच्या पांढऱ्या सालीवर काळे डाग होते. ती नीट बघू लागली. गोळ्यांची भोकं. काही जुनी, कडा भरून आलेली. काही अलीकडची. सगळी एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळजवळ. चुकणाऱ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं अशा एका जागी बसत नाहीत.

आधी तिला संतापच आला. इतक्या वर्षांचे टोमणे खाल्ले. दर हिवाळ्यात शर्टाला नवा घोळ शिवून दिला. आणि हा माणूस जवळून झाडावर नेम धरत होता? का?

तेवढ्यात डावीकडच्या टेकाडावर नारिंगी जाकीट हललं. राउनो. तोही त्याच ठशांवरून खाली येत होता. अजून थोडं उतरला की बर्च त्याच्या समोर येणार होता. आणि नियमाप्रमाणे यंदा म्हातारा अजून कुणाचाच नव्हता; जो पहिली गोळी झाडेल त्याचा.

ऐलीने श्वास रोखला. तिने चाप ओढला.

संध्याकाळी कात्री राउनोनेच आणली. "वहिनी, एवढ्या जवळून? अहो, काठीने मारला असता तरी पडला असता! नवरा तसा, बायको तशी!"

कॅम्पात हशा पिकला. एकटा आर्वो हसला नाही. त्याने चुलीपाशी बसल्या बसल्या मान वर केली.

"कुठे गेली गोळी?"

"बर्चमध्ये," ऐली म्हणाली. "तळहाताच्या आत."

आर्वोचे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, बायकोचं हसं झालं म्हणून बिचाऱ्याला लागलं.

ऐलीने राउनोकडे पाठ केली आणि शर्ट पँटमधून उपसून बाहेर काढला.

"काप," ती म्हणाली. "आणि नीट ऐकून ठेव राउनो, यंदा म्हातारा माझा."